पाहुण्या पाळकांबरोबर पुणे ते केडगाव

आमच्या मंडळीकडे, म्हणजे चर्चकडे, ऑस्ट्रेलियातले एक पाळक, म्हणजे पाद्री, येऊन गेले. त्यांची मंडळी एका लहान गावातली, पण बरीच वर्षं ती देशोदेशीच्या अनाथ मुलांच्या वसतिगृहांना आणि गरीब मंडळ्यांना पैसे पाठवते. इकडचं काम डोळ्यांनी बघावं म्हणून ते पत्नीला घेऊन आले, आणि त्यांना फिरवायचं काम आमच्या सेक्रेटरींनी माझ्या गळ्यात घातलं. मी बँकेतून निवृत्त, इंग्रजी बोलते, आणि रविवारची भक्ती सोडली तर मला उद्योग नाही, असा त्यांचा पक्का समज आहे. तुमच्याकडे असे पाहुणे येणार असतील, किंवा तुम्हाला स्वतःलाच पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया-मुलींसाठी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन बघायचं असेल, तर त्यासाठी हे लिहिते आहे.

पाहुणे विमानात बसायच्या आधीच व्हिसाचा प्रकार विचारून घ्या. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला चर्चमध्ये बसता येतं, उपदेश ऐकता येतो. स्वतः उपदेश करता येत नाही की पत्रकं वाटता येत नाहीत. धर्मकार्यासाठी मिशनरी व्हिसा वेगळा असतो. आमच्या पाहुण्यांकडे पर्यटक व्हिसा होता. त्यामुळे रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी त्यांना पुढच्या बाकावर बसवलं, नाव सांगून ओळख करून दिली आणि उपदेश स्वतःच केला. दोन-चार जण हिरमुसले. गोरा पाहुणा आला की त्याला पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठावर, उभं केल्याशिवाय आपल्याकडे पाहुणचार पुरा होत नाही, पण हा हट्ट सोडायला हवा. उलट पाहुण्यांना पेटी-तबल्यावर कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं ऐकायला मिळाली, टाळ वाजवायला मिळाला, आणि ते त्यातच खूश होते.

केडगावला जाण्याआधी गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनला जाऊन या. लोक थेट मुक्तीला जातात आणि पंडिता रमाबाईंच्या कामाचा अर्धा धागा पुण्यातच सोडून येतात. पंचहौद म्हटलं की आपल्याला आठवतो तो 1890 मधला चहा. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर मंडळींनी मिशनमध्ये चहा घेतला आणि त्यावरून शहरात मोठं ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचं प्रकरण, झालं. चहावरून प्रायश्चित्त घ्यावं लागलं हे पाहुण्यांना पटेचना. पाळकीणबाईंनी मात्र शेजारच्या टपरीवर लगेच दुसरा कप मागवला. याच पंचहौदात इंग्लंडमधल्या वाँटेज गावाहून आलेल्या सिस्टर्स, म्हणजे ख्रिस्ती जोगिणी, काम करत होत्या. त्यांच्याशी ओळख झाली आणि त्या ओळखीवर रमाबाई 1883 साली इंग्लंडला गेल्या. बाप्तिस्मा त्यांनी तिकडे, वाँटेजलाच घेतला. म्हणजे पाहुणे ज्या वाटेने आले, त्या वाटेने उलट्या दिशेला जाऊन आलेली ही बाई.

आता केडगाव. नकाशात नुसतं ‘केडगाव’ टाकलंत तर फोन तुम्हाला नगरजवळच्या केडगावला नेऊन सोडेल. आपलं केडगाव दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. हडपसर, मांजरी, लोणी, उरुळी, यवत, खुटबाव आणि मग केडगाव. एक्स्प्रेस गाड्यांच्या भानगडीत न पडता दौंडकडे जाणारी सर्व स्टेशनांवर थांबणारी गाडी पकडा. सकाळी उलट दिशेला, पुण्याकडे येणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आपण गर्दीच्या विरुद्ध जात असल्याने बसायला मिळतं. परतीचं वेळापत्रक मात्र निघण्याआधीच बघून ठेवा, दुपारी दोन गाड्यांमध्ये बराच खंड पडू शकतो. गाडीने जायचं तर सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत जाऊन वळायचं. हडपसर ओलांडेपर्यंतचा वेळ हिशेबात धरू नका, तो देवाच्या हातात. चौफुला म्हणजे लावणीच्या कला केंद्रांचा. रस्त्यावरच्या पाट्या बघून पाहुण्यांनी विचारलंच, आणि भर गाडीत पाळकांना लावणी समजावून सांगायची वेळ माझ्यावर आली. उसाच्या हंगामात गेलात तर गुऱ्हाळं चालू असतात, काकवी घ्या.

स्टेशनवर रिक्षावाल्याला ‘मिशन’ म्हणून सांगा. गावाजवळच बेट केडगावला नारायण महाराजांचं दत्तस्थान आहे आणि बाहेरगावची पुष्कळ माणसं तिकडेच निघालेली असतात. मुक्तीला आधी कळवून, परवानगी घेऊनच जा. तिथे आजही स्त्रिया आणि मुलं राहतात. ते कुणाचं तरी घर आहे, आणि वेळीअवेळी घरात शिरणारा पाहुणा कुणालाच आवडत नाही.

आवारात फिरताना पाहुण्यांना मी रमाबाईंच्या पैशांची गोष्ट सांगितली, कारण मला स्वतःला तीच सगळ्यात रंजक वाटते. 1886 साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे राहिल्या. पुढच्या वर्षी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं, ते हातोहात खपलं, आणि बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली. या लोकांनी एकदाच मोठी थैली दिली नाही. गावोगावी मंडळं काढली, आणि सभासदांनी वर्षाला निदान एक डॉलर याप्रमाणे दहा वर्षं देण्याचं वचन दिलं. त्या भरवशावर 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी ती पुण्यात आली. आपल्या अण्णासाहेब कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे माहेरच्या गोदूबाई, याच सदनाच्या विद्यार्थिनी.

दहा वर्षांचं वचन असलं की संस्था पुढच्या वर्षीची शिक्षिका आजच नेमू शकते. मध्ये सदनात मुलींना ख्रिस्ती करतात अशा आरोपावरून पुण्यात वादळ उठलं, 1893 मध्ये रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पुष्कळ मुलींना पालकांनी काढून नेलं. तरी सदन बंद पडलं नाही. मग 1896-97 चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली, बालविधवा घेऊन आल्या, सुमारे तीनशे. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, एवढ्या मुली शहरात ठेवणं शक्य नव्हतं. केडगावला शेतीसाठी जमीन घेतलेली होती, तिथे त्यांनी सगळ्यांना नेलं. 1900 च्या गुजरातच्या दुष्काळानंतर इथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना, सगळं मुली आणि बायका चालवत. हिब्रू आणि ग्रीकवरून रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेलं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, याच बायकांनी खिळे जुळवून छापलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. त्यांची कबर इथेच आहे. मुलगी मनोरमा त्यांच्या आधी, 1921 मध्येच गेली होती. ही मनोरमा 1902 च्या सुमारास ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेली होती, हे ऐकून पाळकांनी वहीत टिपून घेतलं आणि गावच्या जुन्या नोंदी चाळून बघतो म्हणाले.

ही गोष्ट सांगण्यात माझा हेतू होता. त्यांच्या मंडळीत मुलागणिक पैसे देण्याची पद्धत आहे: एका कुटुंबाने एक मूल घ्यायचं, त्याचा फोटो फ्रिजवर लावायचा, नाताळला त्याचं पत्र यायचं. भावना खरी आहे, पण फोटो नसलेल्या गोष्टींना त्यात पैसाच उरत नाही. वॉर्डनबाईंचा पगार, विजेचं बिल, गळकं छप्पर यांना फ्रिजवर कोण लावणार?

दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याजवळच्या एका छोट्या वसतिगृहात गेलो, नाव लिहीत नाही. कुठल्याही संस्थेत जा, पुढच्या गोष्टी विचारायला लाजू नका. बाल न्याय कायदा, 2015 खाली नोंदणी आहे का? मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आली आहेत का? आई किंवा वडील हयात असलेली किती? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. आपण सरसकट ‘अनाथ’ म्हणतो, पण वसतिगृहातल्या पुष्कळ मुलांचं मागे कुणीतरी असतं, फक्त पोसायची ऐपत नसते. कायदाही संस्थेला शेवटचा पर्याय मानतो. अशा घरांसाठी राज्य सरकारची बालसंगोपन योजना आहे, दरमहा 2,250 रुपयांची. कागदपत्रं आणि चकरा यांतच अनेक माऊल्या थकतात. त्यांच्याबरोबर कचेरीत जाऊन बसणारा एक माणूस मंडळीने दिला, तर एखादं मूल घरीच राहू शकेल. पाळकांना हे ऐकून धक्का बसला. त्यांच्याकडच्या पत्रकांवर सगळीच मुलं अनाथ होती.

फोटो काढू नका. संस्थेतल्या मुलांची ओळख उघड होईल असं काहीही छापणं किंवा पसरवणं या कायद्याच्या कलम 74 ने मना केलं आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचं स्टेटसही त्यात येतं. पाहुण्यांना हे दारात सांगा, आत गेल्यावर सांगितलंत तर तोवर चार सेल्फी झालेल्या असतात.

आता पैसे, म्हणजे माझा प्रांत. परदेशी नागरिकाने भारतातल्या संस्थेला दिलेला पैसा म्हणजे परदेशी देणगी, मग ती इथे उभं राहून पाकिटातून काढून दिलेली नोट का असेना. परदेशी देणगी कायद्याखाली संस्थेची नोंदणी हवी, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो. तो पुढे दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. म्हणजे पुण्यातल्या मोठ्या मंडळीने पैसे घ्यायचे आणि खेड्यांतल्या लहान मंडळ्यांना वाटायचे, ही जुनी रीत संपली. भारतीय पासपोर्ट असलेला तुमचा मेलबर्नचा भाचा यात धरला जात नाही. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरला जातो, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरीही. जेवणाच्या वेळी एका खेड्यातले पाळक पाहुण्यांना हळूच बाजूला घेऊ लागले तेव्हा मी मध्ये पडले. त्यांना राग आला असेल. त्यांच्या चर्चचे पत्रे खरोखरच गळतात, मी पाहिले आहेत. पण त्यासाठी दानार्पण आपल्याच पुण्याच्या मंडळ्यांतून जमायला हवं, आणि ते जमू शकतं. रविवारी पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्या मी मोजत नाही, एवढंच.

जाताना पाळक म्हणाले, फोटोची योजना एकदम बंद करता येणार नाही, लोक दुखावतील. पण वॉर्डनच्या पगारासाठी पाच वर्षांचं वचन आपल्या कमिटीपुढे ठेवतो. दहा का नाही, असं मी विचारलं. ते हसले, पण उत्तर दिलं नाही.

आणि कधी जावं? डिसेंबरात जाऊ नका. त्या महिन्यात जो तो केक घेऊन संस्थांच्या दारात उभा असतो, मुलांना त्याच खोलीत तीच गाणी पुन्हापुन्हा म्हणून दाखवावी लागतात. जूनच्या मध्यावर जा. शाळा उघडतात, वह्या, गणवेश आणि फी सगळं एकदम अंगावर येतं, आणि तेव्हा तिकडे कुणीही फिरकत नाही. दौंडकडे पाऊस बेताचाच असतो, तरी छत्री असू द्या. दुपारचं जेवण चौफुल्याला हायवेवर मिळतं. परदेशी पाहुण्यांसाठी पिठलं-भाकरी मागवलीत तर ठेचा वेगळ्या वाटीत द्यायला सांगा.