आरसा कुणाच्या घरचा?

प्रकल्पाची ओळख करून देणारी रीडमी फाइल, कोड ठेवायच्या गिटहब या साइटवर ढकलण्याआधी प्रिव्ह्यूत बघून घ्यावी, हे सगळ्यांनाच पटतं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये कंट्रोल-शिफ्ट-व्ही दाबलं की काम झालं. तिथे सगळं ठाकठीक दिसतं, आणि वर चढवल्यावर एखादं चित्र गायब. आरसा खोटा नसतो, दुसऱ्या घरचा असतो.

2004 साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन, म्हणजे रीडमी ज्या साध्या खुणांनी सजवतात ती पद्धत, आणलं तेव्हा नियम सैलच होते. 2014 मध्ये कॉमनमार्क या प्रकल्पाने त्याचं प्रमाण व्याकरण बांधायला घेतलं, तोवर साधनागणिक वेगळ्या बोली रुजल्या होत्या. ‘1.’ खालच्या उपयादीला गिटहबवर ओळीच्या सुरुवातीला तीन स्पेस पुरतात. ‘10.’ आला की चार लागतात, म्हणून नऊ मुद्द्यांपर्यंत शहाणी असलेली यादी दहाव्याला बिघडते. सरसकट चारच द्याव्यात. ओळ तोडणाऱ्या शेवटच्या दोन स्पेस तर डोळ्यांना दिसतही नाहीत. तशी सेटिंग असेल तर सेव्ह करताना एडिटर त्या झाडून टाकतो आणि पत्त्याच्या तीन ओळी एकीत गुंडाळल्या जातात. त्यापेक्षा ओळीअखेर बॅकस्लॅश बरा. चित्राचं नाव फाइलमध्ये ‘लोगो’ कॅपिटल, दुव्यात स्मॉल असेल तर विंडोज ते खपवून घेतं, गिटहब नाही.

गिटहबचाच आरसा हवा तर ग्रिप हे साधन. पायथनच्या पिपने बसवा, फोल्डरमध्ये चालवा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट 6419 उघडा. मजकूर गिटहबच्याच एपीआयकडून, म्हणजे प्रोग्रॅमसाठीच्या खिडकीतून, सजून येतो, त्यामुळे इंटरनेट लागतं, आणि ओळख पटवणारं टोकन नसेल तर तासाला 60 विनंत्याच करता येतात. ऑफिसात सगळे एकाच आयपी पत्त्यामागे असले की त्या भराभर संपतात.

मार्कडाउन फाइल्सची वेबसाइट बनवणाऱ्या एमकेडॉक्सची गंमत निराळी. ‘सर्व्ह’ केलं की पोर्ट 8000 वर पानं झकास दिसतात, पण देवनागरी शीर्षकांच्या दुव्यांत अक्षरं गळून नुसते ‘_1’, ‘_2’ उरतात. मध्ये एक शीर्षक घुसवलं की आकडे सरकतात आणि जुने दुवे गुपचूप भलत्याच परिच्छेदावर नेतात. प्रिव्ह्यूत काहीच तुटलेलं दिसत नाही. युनिकोडचा पर्याय लावला तर काना-मात्रा झडून ‘स्थापना’चं ‘सथपन’ होतं. ‘काम’ आणि ‘कमी’ दोघंही ‘कम’! तेव्हा अ‍ॅट्र-लिस्ट हे एक्स्टेन्शन सुरू करून शीर्षकापुढे महिरपी कंसात # लावून आपली रोमन खूण लिहावी. तीच फाइल गिटहबवर उघडली, की तो कंस शीर्षकाला तसाच चिकटलेला दिसतो.