घाटावरची गाडी

चिपळूणला माझं छोटं गॅरेज आहे, वीसेक वर्षं झाली. ही गोष्ट मे २०२२ची. लोटे एमआयडीसीत नोकरीला असलेला एक मुलगा आणि त्याचे वडील एक सेकंडहँड जर्मन डिझेल सेडान दाखवायला घेऊन आले, कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही कारण यात गाडी बनवणाऱ्याचा दोष नव्हताच. २०१७चं मॉडेल, मीटरवर ५८ हजार, किंमत साडेसहा लाख, ५० हजार टोकन देऊन झालेलं. वडील रिटायर झालेले, एफडी मोडून पैसे देणार होते.

एजंटने सांगितलेलं, "घाटावरची गाडी आहे, खारं वारं लागलेलं नाही." आमच्याकडे हे वाक्य लगेच पटतं, समुद्राजवळच्या गाडीचा तळ आणि ब्रेकपाइप गंजून कसे जातात ते घरोघरी बघितलेलं असतं. एमएच-०९, म्हणजे कोल्हापूर पासिंग. लिफ्टवर घेतली तर खाली नवंकोरं काळं कोटिंग मारलेलं, एक ओरखडा नाही. मला तिथेच खटकलं, पाच वर्षांची गाडी खालून इतकी नवी कशी दिसेल?

स्कॅनर लावला, एकही एरर नाही. पोरगा खूश झाला. पण रेडिनेस टेस्ट, गाडी चालताना तिचा कॉम्प्युटर स्वतःच करतो त्या तपासण्या, बऱ्याचशा अपूर्ण दाखवत होत्या, म्हणजे काल-परवाच कोणीतरी एरर कोड पुसलेत आणि गाडी त्यानंतर नीट चाललेलीच नाही. मग मी सीटबेल्ट ओढून बघितले. पुढचे दोन्ही पट्टे नवे, लेबलवर २०१९ची तारीख. मागचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर खालच्या वीतभर भागावर मातीची रेघ होती, धुवूनही न गेलेली.

इथे थोडं माझं सांगतो. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीच्या पुराचं पाणी माझ्या गॅरेजात छातीच्या वर होतं आणि आत गिऱ्हाइकांच्या चार गाड्या होत्या. नंतर कित्येक दिवस मी त्या गाड्यांतला गाळ हाताने काढलाय, तो कुठे कुठे दडून बसतो ते मला डोळे झाकून सांगता येईल, सीटच्या रेलमध्ये, डिकीत स्टेपनीच्या खाली, हेडलाइटच्या मागे, डोअरपॅडच्या आत. तिथेच बोटं घातली आणि सगळीकडे सापडला. पण हा गाळ आमच्यासारखा तांबूस नव्हता, काळाभोर होता. ऑगस्ट २०१९चा कोल्हापूर-सांगलीचा पूर. मग पेपर मागितले. आरसीवर मालक एकच, आणि २०२१च्या पॉलिसीवर एनसीबी, म्हणजे विम्याचा क्लेम न घेतल्याची सूट, २० टक्के. चार वर्षं क्लेम नसता तर तो ४५ असायला हवा होता.

वडील तोवर गप्प उभे होते. त्यांनी विचारलं, "भाऊ, चालतेय ना पण व्यवस्थित? वाळली असेल आता." त्यांना ड्रायव्हर सीटखालचा पिवळा प्लग काढून दाखवला, एअरबॅगचा असतो तो, पिनांवर हिरवा थर चढलेला. मी म्हटलं, काका, इंजिन उघडून साफ करता येतं, तेल बदलता येतं, पण या गाडीत डझनांनी कंट्रोल युनिटं आहेत, सगळी एकमेकांशी वायरिंगने जोडलेली, काही तर खाली कार्पेटपाशीच, आणि अशा प्लगमध्ये एकदा गंज शिरला की आज काच चालणार नाही, उद्या एबीएसची लाइट लागेल, परवा गाडी परशुराम घाटात लिंपमोडला जाईल, म्हणजे ताकद कमी करून रांगत चालेल, आणि कोणाला कारण सापडणार नाही. आणि अपघात झालाच तर एअरबॅग उघडेल याची मी गॅरंटी देऊ शकत नाही. माझ्या पोराला मी या गाडीत बसवणार नाही.

"म्हणजे लोक म्हणतात ते खरंच, जर्मन गाड्या त्रासदायकच," काका म्हणाले. हे ऐकलं की मला वाईट वाटतं. गॅरेजात शेजारच्याच जागेवर इथल्याच एका डॉक्टरांची जर्मन गाडी उभी होती, २०१२ची, २ लाख १० हजार चाललेली. काकांना तिथे घेऊन गेलो. कंपनी १५ हजार किलोमीटरला ऑइल सांगते, डॉक्टर १० हजारालाच बदलतात. ड्युअल क्लच गिअरबॉक्सचं ऑइल दर ६० हजाराला. टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप एकदमच बदललेले. कूलंटचे प्लास्टिकचे पार्ट वयाने कडक होऊन तडकतात, ते फुटायची वाट न बघता आधीच बदलून घेतले. प्रत्येक बिल फाइलमध्ये. खर्च होतो, पार्ट महाग आहेत, ते लपवत नाही, पण ही गाडी आजही पहिल्या सेल्फला चालू होते. काकांनी ती फाइल सगळी चाळली, एकेक पान.

मुलाचा चेहरा उतरला होता. त्याने मनातल्या मनात ती गाडी कधीच दारात उभी केली होती. मी फोटो काढून दिले, बेल्टचे, प्लगचे, लेबलचे. एजंट आधी ऐकेना, मग मी स्वतः फोन घेतला आणि सांगितलं की हे सगळं लेखी देतो. चार दिवसांनी टोकन परत आलं.

परवा मुलाने सावर्ड्याहून दुसऱ्या एका गाडीचा फोटो पाठवला. मागचा सीटबेल्ट पूर्ण ओढलेला, पट्टा स्वच्छ, बाजूला सर्व्हिसची फाइल. शनिवारी घेऊन येतोय.