कशानं मारलं, हे विचारलं का?

नवरा मारतो म्हणून ११२ ला फोन गेला आणि गाडी दारात आली, की पोलिसांनी काय करायचं हे कायदा ठरवतो असं आपण धरून चालतो. बरंचसं ठरतं ते ठाणे अंमलदाराच्या टेबलावर, तो कोणते प्रश्न विचारतो आणि त्यातलं काय लिहून घेतो त्यावर. पोलिसांचं तारतम्य म्हणतात ते इथे चालतं. अटक करायची की नाही हा प्रश्न पुष्कळ नंतरचा.

महाराष्ट्रात घरातल्या मारहाणीची बोळवण बहुतेकदा एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर होते. पूर्वी भारतीय दंड संहितेत तिच्या कलमांचे आकडे ३२३, ५०४, ५०६ होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ११५(२), ३५२ आणि ३५१(२) झाले: साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी. अदखलपात्र म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही. बाईच्या हातात 'न्यायालयात दाद मागावी' अशी समज दिलेला कागद येतो आणि ती त्याच घरी परत जाते. अशा नोंदींचा अहवाल पोलिसांनी दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७४ मध्ये आता आलं आहे. पण त्यामुळे आज रात्री तिच्या घरात काही बदलत नाही.

ही एनसी चुकीची असतेच असं नाही. एकदा थोबाडीत मारली, इजा नाही, पूर्वी काही घडलेलं नाही, तर ११५(२) बरोबरच आहे. गफलत होते ती फक्त 'आज काय झालं' एवढंच विचारल्यामुळे. न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८अ, क्रूरतेबद्दल आहे, आणि तिची व्याख्या कलम ८६ मध्ये दोन भागांत आहे. हुंडा किंवा पैशाच्या बेकायदा मागणीसाठी छळ हा त्यातला एकच भाग. दुसऱ्या भागाला मागणी लागतच नाही: बाई जिवाचं बरंवाईट करून घेईल, किंवा तिच्या जिवाला, शरीराला, शारीरिक वा मानसिक आरोग्याला गंभीर धोका होईल असं जाणूनबुजून केलेलं वर्तन. 'पैसे मागितले का? नाही? मग ४९८ होत नाही' हे वाक्य ठाण्यात सर्रास ऐकू येतं, आणि ते चूक आहे. मार कधीपासून, किती वेळा, दवाखाना कधी झाला, माहेरी कधी आणि का गेली, मुलांसमोर मारतो का, हे चार-पाच प्रश्न विचारले की तीच हकीकत एका दिवसाच्या भांडणाऐवजी सततच्या छळाची होते. एक जरी कलम दखलपात्र, म्हणजे आदेशाशिवाय तपास करता येईल असं लागलं, तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरायचं असं १७४ सांगतं.

'कशानं मारलं?' हा त्याहून साधा प्रश्न. तापलेल्या उलथन्याचा चटका दिला असेल तर ते कलम ११८(१), दखलपात्र. हाड मोडलं, दात पडला, किंवा १५ दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा नेहमीची कामं करता आली नाहीत, तर ती गंभीर दुखापत, ११७(२). हे दिवस जुन्या कायद्यात २० होते. म्हणून वैद्यकीय तपासणीची चिठ्ठी त्याच वेळी द्यायला हवी. काही दिवसांनी निळा डाग पिवळा पडतो आणि डॉक्टरांना लिहायला फारसं काही उरत नाही. एक्स-रे न काढता 'साधी दुखापत' लिहिली गेली की कलमही तिथेच अडकतं.

शेजाऱ्यांनी फोन केला असेल तर एक खाच लक्षात ठेवावी. कलम ८५ दखलपात्र ठरतं ते बाईनं स्वतः किंवा तिच्या रक्ताच्या, लग्नाच्या वा दत्तक नात्यातल्या माणसानं खबर दिली तर. असं कोणी नसेल तर सरकारनं नेमून दिलेल्या लोकसेवकानं. शेजारी पोलीस बोलावू शकतो, मारामारी थांबवू शकतो, साक्षीदार होऊ शकतो, पण ८५ ची फिर्याद त्याच्या नावावर उभी राहत नाही. म्हणून घरात गेलेल्या पोलिसानं बाईशी वेगळ्या खोलीत, नवरा-सासूच्या नजरेआड बोलायला हवं. सगळ्यांसमोर विचारलं तर 'काही तक्रार नाही' हेच उत्तर येणार, आणि तेच नोंदवून कॉल बंद होणार.

तक्रार नको म्हटलं तरी पोलिसांचं काम संपत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या (२००५) कलम ५ नुसार तिला पाच गोष्टी सांगणं बंधनकारक आहे: संरक्षण आदेशासाठी अर्ज करता येतो, सेवा देणाऱ्या संस्था आहेत, संरक्षण अधिकारी आहेत, वकील मोफत मिळतो, आणि फौजदारी फिर्यादही देता येते. इथे 'सांगावं' नाही, 'सांगितलंच पाहिजे' आहे. तारतम्याला इथे जागाच नाही. मुलगा आईला मारत असेल तर ८५ लागत नाही, कारण ते नवरा आणि त्याच्या नातेवाइकांपुरतं आहे. पण २००५ चा कायदा त्या आईलाही लागू होतो.

आता समुपदेशन. पोलिसांच्याच भरोसा सेल किंवा महिला कक्षाकडे पाठवणं वाईट नाही, काही जणींना तेच हवं असतं. मात्र फिर्याद घेण्याआधी समुपदेशनाच्या तारखा झाल्याच पाहिजेत असं संहितेत कुठेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ललिता कुमारी निकालानं (२०१३) वैवाहिक वादात प्राथमिक चौकशीची मुभा दिली, तीही दखलपात्र गुन्हा दिसतो का एवढंच पाहायला. खरं-खोटं करायला नाही. आता तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, म्हणजे ८५ मध्येही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) खाली उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची आधी परवानगी घेऊन १४ दिवसांत चौकशी करता येते. परवानगीचा कागद आणि तारीख विचारा. पुष्कळदा दोन्ही नसतात. असतो तो नुसता 'अर्ज', आवक शिक्का मारलेला, महिनोन्‌महिने पडून. नकारच मिळाला तर आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी, मग शपथपत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे.

अटकेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाच्याच अर्नेश कुमार निकालानंतर (२०१४) 'गुन्हा दाखल, नवरा आत' हे संपलं, आणि ते बरंच झालं. पण त्या निकालाचा अर्धा भागच ठाण्यात पोहोचला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ नुसार अटक का केली याची कारणं लिहायची, तशीच का केली नाही याचीही लिहायची. पुन्हा गुन्हा होऊ नये, साक्षीदाराला धमकावू नये ही अटकेची मान्य कारणं आहेत. रात्री तोच माणूस त्याच खोलीत परतणार असेल तर ही कारणं तिथे असतातच. अटकेऐवजी 'नोटीस दिली' एवढंच लिहून हा विचार झाला असं होत नाही.

आणि न्यायालयाचा संरक्षण आदेश आधीच निघालेला असेल तर एनसीचा प्रश्नच नाही. त्याचा भंग २००५ च्या कायद्याच्या कलम ३१ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, एकट्या बाईच्या साक्षीवरही तो सिद्ध धरता येतो. आदेशाची प्रत न्यायालयानं ठाण्याला मोफत पाठवायची असते. ती कोणत्या कपाटात गेली हे ड्यूटीवरच्या अंमलदाराला माहीत नसतं, म्हणून बाईनं फोनमध्ये फोटो आणि पिशवीत झेरॉक्स ठेवलेली बरी.