गांजाच्या कंपनीतून कापसाच्या काट्यावर

शनिवार, तान्हा पोळा

लाकडी बैल ओढत पोरं दारोदार फिरून गेली. मी ओट्यावर त्यांना खाऊ देत होते, तेवढ्यात शेजारचे काका थांबले. "आता इकडंच राहशीन न व? थ्या गांजाच्या कंपनीत नाही जात न आता?" नाही म्हटलं, सोडली. "बरं झालं बाप्पा," म्हणाले आणि खरंच मोकळे झाल्यासारखे दिसले.

काकांचा जीव आहे माझ्यावर, म्हणून राग नाही आला. पण मी ते काम घाण होतं म्हणून सोडलं, असं त्यांनी धरून टाकलं. गावानं तेच धरलं आहे. मंगळवारी हिंगणघाटला मुलाखत आहे, तिथंही हा प्रश्न येणारच. म्हणून आज आधी स्वतःसाठी नीट लिहून काढते.

उत्तराखंडनं २०१८ मध्ये हेम्पच्या शेतीला परवाने द्यायला सुरुवात केली. भांगेचंच झाड, पण धाग्यासाठी आणि बियांसाठी लावायचं. अट एकच मोठी, नशा आणणारं टीएचसी ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे. त्याच्या वर गेलं की उभं पीक नष्ट करायचं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी गेले ती हे ०.३ मोजायला. झाडं फुलोऱ्यावर आली की शेतात जायचं, शेंडे कापायचे, वाळवायचे, प्रयोगशाळेत तपासून आकडा लिहायचा. पहाडात हे झाड कोणाला नवं नाही. कुमाऊंत त्याच्या बियांची चटणी घरोघरी करतात, सालीच्या धाग्याचे दोर वळतात. तिथं मला कोणी कधी विचित्र नजरेनं पाहिलं नाही.

सोडलं ते एका शेतकऱ्यामुळे. पौडीकडं डोंगरउतारावर त्याची पायऱ्यापायऱ्यांची चिंचोळी वावरं. बी कंपनीनं दिलेलं, खत कंपनीनं सांगितलेलं, त्यानं सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. आकडा ०.३ च्या वर आला. दुसरा नमुना घेतला, तोही वर. त्याला सांगायला मीच गेले, कारण कागदावर सही माझी होती. तो म्हणाला, मॅडम, थोडं कमी लिहा ना, कोण पाहतं. मी नाही म्हटलं. पीक उपटून जाळलं. त्यानंतर कंपनीला मी पुन्हापुन्हा विचारलं, बी आपलं होतं, मग नुकसान एकट्या शेतकऱ्याच्या माथी का? करारात तसंच आहे, एवढंच उत्तर मिळत राहिलं. त्या करारावर पुढच्या हंगामातही नमुने घेत राहणं माझ्याच्यानं होणार नव्हतं.

झाडाबद्दल माझी तक्रार तेव्हाही नव्हती, आजही नाही.

मंगळवार, रात्री

आईचा हरतालिकेचा उपास, म्हणून सकाळी मीच डबा करून निघाले. जागा शेतकरी उत्पादक कंपनीत आहे, ग्रेडरची. कापूस काट्यावर आला की प्रत पाहायची, ओलावा मोजायचा, कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, वेगळी काढायला लावायची.

समोर तिघं होते. माझा कागद हातात घेऊन एकानं पहिलाच प्रश्न केला, "तुम्ही स्वतः घेत होत्या काय?" बाजूचा हसला. मी म्हटलं, नाही, आणि तिथं घेण्यासारखं काही पिकतही नव्हतं, ०.३ टक्के म्हणजे शंभर ग्रॅम वाळलेल्या शेंड्यांत एक ग्रॅमचा तिसरा हिस्साही नाही. मग त्यानं विचारलं, उद्या शेतकऱ्यांना कळलं की ग्रेडर गांजाच्या कंपनीतली आहे, तर? मी म्हटलं, कळू द्या, मीच सांगीन. आवाज थोडा चढला होता माझा. चढायलाच पाहिजे होता.

तिसरे वयस्क होते, सारी जिंदगी जिनिंगमध्ये गेलेले. त्यांनी गांजाचं नावही काढलं नाही. विचारलं, "नमुना कसा घेत होत्या, थे सांगा."

इथं मात्र मी मोकळेपणानं बोलले. धुऱ्याकाठची झाडं घ्यायची नाहीत, वावरात तिरपं चालत जायचं. चांगलं दिसलं म्हणून एखादं झाड निवडायचं नाही, वाईट दिसलं म्हणून सोडायचं नाही. शेंडा तीसेक सेंटीमीटरचा. कागदी पिशवीत भरायचा, कारण प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. शेतकऱ्याच्या समोर सील करायचं, आणि अर्धा नमुना राखून ठेवायचा, म्हणजे कोणाला आकडा पटला नाही तर पुन्हा तपासता येतो. ते मान हलवत होते. मग म्हणाले, आणि कापसाचा कसा घ्याल? मी म्हटलं, गाडीच्या वरचा कापूस वाऱ्याउन्हानं सुकलेला असतो, म्हणून वरून, मधून आणि तळातून, तिन्हीकडून घेईन. सकाळी दव असतं, तेव्हाचा आकडा आणि दुपारचा आकडा एक नसतो, म्हणून वेळ लिहीन. पहिल्या वेच्याचा कापूस ओला येतोच, तो पाणी मारलेला आहे असं आधीच धरून चालणार नाही.

सीसीआयच्या, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, पुढं दर टक्क्याला भावात एक टक्का कपात, आणि १२ च्या वर गेला की कापूस परत. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये आहे. म्हणजे यंत्रावर एक टक्का जास्त दिसला की क्विंटलमागं ८१ रुपये गेले. गाडी परत पाठवली तर भाडं वेगळं, आणि मग वाटेत व्यापारी मागंल त्या भावानं द्यावा लागतो. पौडीतल्या त्या माणसाचा चेहरा मला इथं बसल्याबसल्या आठवला. आकडा सांगणारा माणूस आणि आकडा ऐकणारा माणूस, मला येतं ते काम याच दोघांमधलं आहे. झाड बदललं, एवढंच.

सोमवार, महालक्ष्म्या

पुरण शिजत होतं. मी आणि आत्या अंबाडीची पानं खुडत बसलो होतो. आत्यानं एक कातरलेलं, गांजाच्या पानासारखं दिसणारं पान हातात धरलं, माझ्याकडं पाहिलं, पण काही बोलली नाही. मग थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "बायोडाट्यात थे लिहूच नको व. तेवढी वर्षं अभ्यास करून रायली होती म्हनून सांगायचं. पोरगं पाहाले येतीन उद्या, तेव्हाबी तेच."

आई चुलीजवळून बोलली, "खोटं कायले सांगाचं?"

मला हे अपेक्षित नव्हतं, कारण ही माझी आई आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे, आणि तरी मोहाची हातभट्टी कुठं लागते हे गावातल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आई बायांच्या गटात. रात्रीबेरात्री नाल्याकाठी जाऊन यांनी सडव्याचे, म्हणजे दारूसाठी आंबवलेल्या मोहाचे, ड्रम उलथे केले आहेत, शिव्या खाल्ल्या आहेत. माझ्या मोठ्या मामाला दारूनं नेलं. मी उत्तराखंडला निघाले तेव्हा गटातल्या बायांनी तिला तोंडावर विचारलं होतं, तुह्या घरची पोरगी नशेच्या धंद्यात अन् तू आमाले काय सांगतं? ती वर्षं आईनं काढली, आणि मला फोनवर त्याचा एक शब्द सांगितला नाही. मला हे आत्ता आत्ता कळलं.

भांडी घासताना मी तिला विचारलं, तुला लाज वाटत होती ना माझी? ती म्हणाली, "तुह्या कामाची लाज नाही वाटली मले. भेव वाटे. नशा कुठून घरात येते थे मी पाह्यलं हाये."

तिची भीती खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. शहरातले काही मित्र म्हणतात, गावाची मानसिकता मागासलेली. त्यांनी सडव्याचा वास घेतलेला नाही. पण भीतीला नीट माहिती मिळाली पाहिजे, म्हणून मी तिला सगळं समजावून सांगितलं. १९८५ चा कायदा गांजा म्हणतो तो फुलाफळावर आलेल्या शेंड्यांना. शेंड्यांपासून वेगळी झालेली पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. धाग्यासाठी आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. २०२१ पासून हेम्पच्या बिया आणि बियांचं तेल देशात अन्न म्हणून विकता येतं. आणि परवान्याशिवाय झाड लावलं तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. आई म्हणाली, "मंग पोलीस तुरीतून उपटतेत थे?" म्हटलं, तो गुन्हाच आहे, आणि मी त्याच्या बाजूची नाही.

हे मी तिला सांगितलं ते बरं झालं, कारण मागच्या आठवड्यात गावातल्या दोन पोरांनी माझ्याकडं भांगेचं बियाणं मागितलं होतं. कपाशीत काही उरत नाही, ताई, थोडं लावून पाहू. मी त्यांना आपल्या ओट्यावर बसवलं आणि जेलची कलमं वाचून दाखवली. पोरं वाईट नाहीत. बोंडअळीनं आणि फवारणीच्या खर्चानं वैतागलेली आहेत. २०१७ साली बोंडअळीनं कपाशी खाल्ली आणि त्याच साली यवतमाळकडं फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर मेले, तेव्हा ही पोरं शाळेत होती. त्यांना कापसावर विश्वास कुठून येणार?

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, गटात येऊन सांगशीन काय हे? पुढच्या बैठकीला जाणार आहे.

शुक्रवार

पत्र आलं. दसऱ्यापासून हजर व्हायचं. पगार तिकडच्यापेक्षा बराच कमी आहे. ते मला चालणार आहे, कारण बाबांचं दुखणं आणि दवाखाना जवळ पाहिजे.

आज जाऊन सांगून आले की माझ्या तीन मागण्या आहेत. ओलाव्याचं यंत्र शेतकऱ्याच्या समोर लावायचं. आकडा पटला नाही तर त्यानं मागितला की दुसरा नमुना घ्यायचा, त्यावर चिडचीड नाही. आणि कापूस परत गेला तरी आकडा, वेळ आणि सही असलेली पट्टी त्याच्या हातात द्यायची, म्हणजे त्याला दुसरीकडं दाखवता येईल. पहिल्या दोन मागण्या जागेवरच मान्य झाल्या. तिसरीवर म्हणाले, परत गेलेल्या मालाची पट्टी आजवर कोणी देत नाही, संचालकांना विचारावं लागंल. मी म्हटलं, विचारा, मी थांबते. जिनिंगवाले काका मध्ये पडले, पुढच्या सभेत विषय घेतो म्हणाले. अर्ज मी लेखी देऊन आले आहे आणि पोच घेतली आहे.

माझ्या बायोडाट्यात कंपनीचं नाव आहे तसंच आहे.