गाणाऱ्यापर्यंत पोचणारी : रातकिड्यांवरच्या प्रोजेक्टचा माझा अनुभव

एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी मी रातकिडे घेतले. नराचं गाणं ऐकून मादी त्याच्याकडे चालत जाते, हे सगळ्यांनाच माहीत असतं. पण ती कशाच्या आधारावर जाते? आवाज किती मोठा आहे यावर, त्याचा सूर किती उंच आहे यावर, की त्याच्या लयीवर? रातकिड्यांवर लिहिताना बहुतेक जण गाणाऱ्या नराबद्दलच लिहितात. खरं तर तो एका जागी बसून पंख घासत असतो. अंधारातून, गवताच्या काड्यांमधून, सरडे-पाली चुकवत त्याच्यापर्यंत पोचण्याचं सगळं काम मादी करते. मला तिचं हे काम समजून घ्यायचं होतं. असा प्रयोग करू इच्छिणाऱ्यांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे लिहिते आहे.

या विषयाची सुरुवात व्हिएन्नात झाली. योहान रेगेन या शिक्षकाने १९१३ साली एका खोलीत गाणाऱ्या नराचा आवाज टेलिफोनवरून दुसऱ्या खोलीत पोचवला आणि तिथली मादी टेलिफोनच्या रिसीव्हरकडे चालत गेली. नर दिसत नव्हता, त्याचा वास येत नव्हता, जमिनीतून कंप येत नव्हता. फक्त आवाज होता. मला प्रोजेक्टचा धीर आला तो हे वाचून. शंभर वर्षांपूर्वी टेलिफोनवर जमलं, तर कॉलेजच्या लॅबमध्ये लॅपटॉप आणि दोन स्पीकरवर जमायला हवं.

जात निवडली ग्रायलस बायमॅक्युलेटस. पंखांच्या मुळाशी दोन पिवळट ठिपके असलेला हा काळा रातकिडा आपल्याकडेही आढळतो, पाळायला सोपा आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो. प्लास्टिकचे टब, लपायला अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, ओला कापूस, ओट्स, मांजराचं कोरडं खाद्य आणि अंडी घालायला ओलसर वाळू, एवढ्यावर त्यांचा संसार चालतो. जपायची गोष्ट एकच: नराशी संग झालेली मादी गाण्याकडे फारशी वळत नाही. म्हणून शेवटची कात टाकण्याआधीच, मागे अंडी घालायची आखूड नळी दिसू लागली की पिल्लू वेगळ्या डब्यात हलवायचं. कात टाकल्यावर आठवडा-दहा दिवस थांबायचं. त्यानंतरच ती ऐकायला तयार होते.

गाणं मी रेकॉर्ड केलेलं वापरलं नाही, संगणकावर तयार केलं. नर उजवा पंख वर आणि डावा खाली ठेवून गातो. उजव्या पंखाच्या खालच्या बाजूला दातेरी शीर असते, ती डाव्या पंखाच्या कडेवर घासली जाते. पंख मिटताना आवाज येतो, उघडताना नाही. त्यामुळे आपल्याला एकसंध वाटणारी ‘किर्र’ म्हणजे प्रत्यक्षात तीन ते पाच ठोक्यांचा झुपका असतो, आणि ठोक्यांमध्ये शांतता असते. माझ्या मूळ गाण्यात ४.८ किलोहर्ट्‌झचा शुद्ध सूर, २० मिलिसेकंदांचा ठोका, २० मिलिसेकंदांची शांतता आणि असे चार ठोके होते. मग एकेक गोष्ट बदलून वेगवेगळी गाणी केली: ठोके दुप्पट संथ, ठोके दुप्पट जलद, आणि मध्ये अजिबात खंड नसलेला सलग सूर. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये ठेवा. एमपी३ करताना ठोक्यांच्या कडा पुसट होऊ शकतात, आणि इथे सगळं महत्त्व त्या कडांनाच आहे.

मांडणी साधी होती: एका फळीच्या दोन बाजूंना दोन स्पीकर आणि मध्ये एक ठिपका, तिथे मादी सोडायची. यानंतर आमचा सर्वांत जास्त वेळ खोलीने खाल्ला. माद्या तयार होत्या, गाणं बरोबर होतं, स्पीकरपासून मधल्या ठिपक्यापर्यंत आवाज मोजून घेतला होता, तरी सुरुवातीच्या माद्या गोल गोल फिरत राहिल्या. मॅडमनी येऊन टाळी वाजवली आणि म्हणाल्या, “अगं, आधी ही खोली ऐक. मग किड्यांचं बघू.” आम्ही कागद घेऊन हिशेब केला. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. भिंत तीन मीटरवर असेल तर जाऊन-येऊन सहा मीटर, म्हणजे प्रतिध्वनी सतरा-अठरा मिलिसेकंदांनी परत येतो. आमच्या ठोक्यांमधली शांतताच वीस मिलिसेकंदांची! भिंतीवरून परतलेला आवाज बरोबर त्या शांततेत येऊन बसत होता. माणसाला तेच गाणं स्वच्छ ऐकू येत होतं, मादीसाठी मात्र त्याची लय मोडली होती.

भिंतींना अंड्यांचे ट्रे लावा असा सल्ला अनेकांनी दिला. त्याचा फारसा उपयोग होत नाही, पातळ पुठ्ठा आवाज शोषत नाही. जाड गोधड्या आणि कापसाच्या गाद्या भिंतीपासून थोडं अंतर सोडून टांगल्या, तेव्हा फरक पडला. फळीवरही लोकरी कापड अंथरलं. पंखा बंद, ट्यूबलाइट बंद, फक्त मंद लाल दिवा, कारण तांबडा प्रकाश या किड्यांना फारसा दिसत नाही.

एकदा सगळं जुळून आलं होतं आणि तेवढ्यात व्हरांड्यात एक रानातला नर गाऊ लागला. लॅबचे मामा म्हणाले, “पोरी, आधी ह्याला बाहेर काढू, नाहीतर तुझ्या माद्या ह्याच्याकडेच बघत बसतील.” आम्ही दोघं बराच वेळ शोधत होतो. कधी तो कपाटामागे वाटायचा, कधी जिन्याखाली. एकाच उंचीचा शुद्ध सूर भिंतींवर आपटून सगळीकडून यायला लागला की आपल्या कानांना त्याचा ठाव लागत नाही. जवळ जावं तर पावलांच्या कंपाने तो गप्प होतो. रातकिड्याच्या मादीचं काम किती अवघड आहे हे मला पेपर वाचून कळलं नव्हतं, ते त्या व्हरांड्यात कळलं. आपल्याला डोकं आहे. एका बाजूचा आवाज दुसऱ्या कानाला अडतो, त्यावरून दिशा कळते. तिचे कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली असतात, आणि दोघांत अंतर असतं जेमतेम सेंटिमीटरभर. ४.८ किलोहर्ट्‌झच्या आवाजाच्या लहरीची लांबी सात सेंटिमीटर. एवढ्या लांब लहरीला तिचं शरीर अडवूच शकत नाही, आणि दोन कानांवर आवाज पोचण्यातला फरक सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या तिप्पट भरतो.

तरीही ती दिशा ओळखते. कशी, ते समजल्यावर मी मायक्रोस्कोपखाली तिचा पाय कितीतरी वेळ पाहत बसले. गुडघ्याखाली लहानसा पांढुरका लंबगोल पडदा दिसतो. त्याच्या मागून हवेची नळी पायातून वर छातीपर्यंत जाते, तिथे श्वासरंध्राला उघडते आणि पलीकडच्या पायाच्या नळीलाही जोडलेली असते. म्हणजे पडद्यावर आवाज बाहेरूनही येतो आणि पलीकडच्या बाजूने फिरून आतूनही येतो. दोन्ही दाब एकमेकांना कधी जोर देतात, कधी मारतात, आणि हे आवाज कुठल्या बाजूला आहे त्यावर ठरतं. ज्या पडद्याच्या बाजूला नर असेल तो जास्त हलतो. ही जुळणी नराच्या सुराच्या आसपासच नीट चालते, त्यामुळे सूर फार बदलला की दिशा चुकते. पुढे मज्जातंतूंमध्ये दोन्ही बाजूंच्या ओमेगा नावाच्या पेशी एकमेकींना दाबतात, आणि डाव्या-उजव्यातला छोटा फरक मोठा होतो. उत्क्रांतीची इतकी सुंदर कारागिरी एका किड्याच्या गुडघ्याखाली आहे, याचं मला आजही नवल वाटतं.

गाद्या लागल्यानंतर प्रयोग सुरळीत झाले. आधी शांततेत मादी सोडायची, मग गाणं लावायचं, प्रत्येक वेळी स्पीकरची बाजू बदलायची, फळी स्पिरिटने पुसायची म्हणजे आधीच्या मादीचा वास उरत नाही. तापमान पंचविशीच्या आसपास कायम ठेवायचं. थंडीत नर संथ गातात, आणि वृक्षवासी रातकिड्यांच्या माद्या आपल्या तापमानाला साजेशा लयीचं गाणं निवडतात, हे १९५७ साली टी. जे. वॉकर यांनी दाखवलं होतं. खोली गार झाली तर आपण तपासतोय ती गोष्ट बदलूनच जाते.

मूळ गाणं लागलं की मादी आधी थबकायची. मिशा हलवायची. मग निघायची, पण सरळ नाही. चार पावलं डावीकडे, थांबा, चार पावलं उजवीकडे, पुन्हा थांबा. वरून काढलेल्या व्हिडिओवर तिची वाट आखली की नागमोडी रेघ निघायची, आणि तिची सरासरी दिशा बरोबर स्पीकरची असायची. सलग सुराकडे जवळजवळ कोणीच गेली नाही, तो मोठा केला तरी नाही. दुप्पट संथ आणि दुप्पट जलद ठोक्यांनाही थंड प्रतिसाद. दोन्ही स्पीकरवर योग्य लयीचं गाणं लावलं तेव्हा मात्र बहुतेक माद्या मोठ्या आवाजाकडे वळल्या. म्हणजे लय पटली तरच आवाजाच्या मोठेपणाला किंमत.

मोठ्या आवाजाची ही ओढ आपल्याजवळच्या एका रातकिड्याने फार छान वापरली आहे. दक्षिणेच्या माळांवर रानतुळशीच्या झुडपांत इकँथस हेन्री नावाचा फिकट, नाजूक रातकिडा राहतो. त्यातले काही नर पानाला भोक पाडून त्यात पंख टेकवून गातात, आणि पानामुळे आवाज मोठा होतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने २०२० साली दाखवलं की ही युक्ती जास्त करून लहान आणि मुळात हळू आवाजाचे नर वापरतात. मोठ्याने गाण्यात धोकाही आहे. अमेरिकेतली ऑर्मिया माशी नराचा आवाज ऐकून त्याच्यावर अळ्या सोडते. हवाईतल्या कवाई बेटावर या माशीच्या दबावाखाली मूक पंखांचे नर इतके वाढले की थोड्याच वर्षांत तिथले बहुतेक नर गप्प झाले. गप्प नर गाणाऱ्या नराच्या आसपास थांबून तिकडे येणाऱ्या माद्या गाठतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, “मादीला नर कुठे आहे हे कळतं, असं म्हणता येईल का?” या प्रश्नाची तयारी मी मनापासून केली होती. २००४ साली केंब्रिजमध्ये हेडविग आणि पूले यांनी मादीला हलक्या चेंडूवर चालवून पाहिलं, तेव्हा ती प्रत्येक सुट्या ठोक्याला त्या त्या बाजूला वळताना दिसली. ठोके डावीकडून-उजवीकडून आलटून-पालटून दिले तर तीही तसतशी वळते. बैलगाडीचा कासरा कधी इकडचा ओढावा, कधी तिकडचा, आणि गाडी वाटेला लागावी, तसं तिचं चालणं आहे. लय ओळखण्याचं काम मेंदूत वेगळं चालतं. २०१५ मध्ये हेडविग यांच्याच गटाने दाखवलं की एका ठोक्याचा संदेश थोडा रोखून धरला जातो आणि पुढच्या ठोक्याशी त्याची गाठ पडली तरच ओळखणारी पेशी जागी होते. चाळीस मिलिसेकंदांनी आलेला ठोका ती गाठ साधतो. सलग सुरात गाठ पडायला दुसरा ठोकाच नसतो. म्हणून मी सरांना म्हटलं, नराची जागा तिच्या डोक्यात आखलेली असल्याचा पुरावा आपल्याकडे नाही. प्रत्येक ठोक्याला बाजू आहे आणि लय तिला चालत ठेवते, एवढं आपण खात्रीने सांगू शकतो. सरांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि नागमोडी वाट शेवटपर्यंत पाहिली.

टब आता ज्युनियर मुलींकडे दिले आहेत. त्या प्रतिध्वनी मुद्दाम घालून तपासणार आहेत: शांततेत किती आवाज मिसळला की मादी थांबते? हे करायचं असेल तर किडे जुलैपासून वाढवायला घ्या, आणि स्पीकर घेण्याआधी गाद्या मिळवा.