पी पफरचा सोबती शोधताना: धुळ्यातला माझा अनुभव

"काय फरक पडस, भाऊ? दोन्ही काचलेच चिकटतस." ओटो नावाचा शेवाळ खाणारा छोटा मासा मागायला गेलो की दुकानदार हे म्हणायचा आणि सकर फिश या दुसऱ्याच माशाची पिशवी पुढे करायचा. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की टाकी छान चालू आहे तरी त्याचा राग अजून गेलेला नाही. फरक पडतो, आणि खूप पडतो. खान्देशात कुणी पी पफर पाळायच्या विचारात असेल तर त्याला निदान हे आधीच माहीत असावं, म्हणून लिहितोय.

पी पफर हा आपल्याच देशातला मासा. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांत सापडतो, बाहेर कुठे नाही. १९४१ साली होरा आणि नायर यांनी त्याची शास्त्रीय नोंद केली. लांबी जेमतेम अडीच सेंटीमीटर, फार तर साडेतीन. निसर्गात त्याची संख्या धोक्याच्या दिशेने चालली आहे, त्यामुळे टाकीत पैदास झालेला मिळाला तर तोच घ्यावा. पूर्ण गोड्या पाण्यातला आहे. इतर काही पफर मचूळ पाण्यातले असतात म्हणून दुकानात "थोडं मीठ टाका" असं सांगतात, ते याच्या बाबतीत ऐकू नका.

टाकी बसवणं, झाडं लावणं, पाणी पिकू देणं (म्हणजे माशांची घाण पचवणारे जिवाणू तयार होऊ देणं) यात मला काहीच अडलं नाही. दोन फूट बाय एक बाय एकची टाकी, साधारण पंचावन्न लिटर, भरपूर झाडी. चार-सहा आठवडे रिकामी चालवली आणि मग मासे सोडले. एक नर, तीन माद्या. पिल्लं असताना नर-मादी ओळखू येत नाहीत. मोठ्या नराच्या पोटाखाली गडद रेघ येते, डोळ्यामागे बारीक सुरकुत्यांसारख्या खुणा दिसतात. दोन नर एकत्र आले तर एकाचे हाल होतात, हे ध्यानात ठेवून जास्तीचा नर परत घेण्याचं दुकानदाराशी आधीच बोलून ठेवा.

आता मुख्य गोष्ट. मला पफरसोबत दुसरा एखादा मासा हवा होता. काचेवरचं आणि पानांवरचं शेवाळ खाणारा, शांत, पफरच्या वाटेला न जाणारा. पफर दिसायला गोंडस असला तरी शिकारी आहे. हलणारी प्रत्येक वस्तू आधी डोळे फिरवून निरखतो आणि मग चावून बघतो. गप्पी, फायटर, एंजल, गोल्डफिश यांच्या लांब झुलत्या शेपट्या त्याच्या समोर टिकत नाहीत, कुरतडून चिंध्या होतात. जखमेला बुरशी लागते आणि मासा जातो. दुकानात नेमके हेच मासे भरलेले असतात.

खूप वाचून, पफर पाळणाऱ्यांना विचारून मी ओटोसिंक्लस, म्हणजेच ओटो, ठरवला होता. चार सेंटीमीटरचा, दक्षिण अमेरिकेतला. अंगावर कडक पट्ट्या, झुलते पर नाहीत, दिवसभर पानांना चिकटून शेवाळ खरवडतो. पफर सहसा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. सहसा म्हणतोय, कारण प्रत्येक पफरचा स्वभाव वेगळा असतो आणि हमी कुणीच देऊ शकत नाही.

पण धुळ्यात ओटो मिळेना. "पुढच्या लॉटला येईल." पुढचा लॉट यायचा, त्यात गप्पी, मॉली, गोल्डफिश आणि सकर. मी ॲडव्हान्स देऊन ठेवला, फोटो पाठवला, नाव कागदावर लिहून दिलं. फोन केला की "गाडी निघाली आहे". दुकानात गेलो की तेच, "हा घेऊन जा ना, हापण शेवाळच खातो". एकदा तर सकरलाच ओटो म्हणून बांधून दिलं. पिशवी उजेडात धरली तेव्हा अंगावरची ठिपक्यांची नक्षी आणि पाठीवरचा उभा मोठा पर दिसला, आणि मी ती तिथेच परत ठेवली.

सकर म्हणजे प्लेको. लहान असताना दोन इंचाचा दिसतो, पण वाढून फूटभर आणि त्याहून मोठा होतो. घाण इतकी करतो की पंचावन्न लिटरच्या टाकीत त्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आवरत नाही, आणि पफरला घाण पाणी अजिबात सोसत नाही. मोठा झाल्यावर लोक त्याला नदी-तलावात सोडून देतात आणि तिथले मासे संपत जातात. भारतात कितीतरी ठिकाणी हे झालं आहे. आमच्या पांझरा नदीत तो जायला नको. हे सगळं मी काउंटरवर उभं राहून सांगायचो आणि समोरून उत्तर यायचं, "काय फरक पडस". माल नाही तर नाही म्हणा, मी दुसरीकडे बघेन. दरवेळी आशा लावून परत पाठवायचं, हे मला सहन व्हायचं नाही. त्या सगळ्या काळात माझी टाकी पफरपुरतीच होती आणि पफर मजेत होते. तेव्हा एक सांगतो: योग्य सोबती मिळत नसेल तर टाकीत फक्त पफरच ठेवा. त्यांना सोबतीची गरज नसते, ती आपल्याला असते.

मधल्या काळात झेब्रा डॅनिओचा पर्यायही तपासला. चपळ असल्याने तो पफरच्या तावडीतून सुटतो, हे खरं. पण खाणं टाकलं की पफर पोचायच्या आत सगळं फस्त करतो. पफर सावकाश, हेरून खाणारा. उपाशी राहिला की आणखी चावरा होतो. म्हणून डॅनिओ नको म्हटलं. चेरी श्रिम्प या बारीक लाल कोळंबीची पिल्लं तर पफरचं खाद्यच.

खाण्याचं आठवलं म्हणून इथेच सांगतो. कोरडे दाणे पफर सहसा खात नाही, दुकानदार काहीही म्हणो. फ्रोझन ब्लडवर्म (गोठवलेल्या लाल अळ्या) आणि बारीक गोगलगायी, एवढंच. गोगलगायी फोडून खाल्ल्याने त्याचे सतत वाढणारे दात झिजतात. टाकीच्या झाडांसोबत आलेल्या गोगलगायी बादलीत टाका, उकडलेली काकडी द्या, आपोआप वाढतात. नदीतून आणू नका, जंत येतात. उन्हाळ्यात कूलरच्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या फुकट मिळतात असं वाटेल, पण डेंगीसाठी त्यात औषध टाकलेलं असू शकतं, त्या बिलकुल देऊ नका. ब्लडवर्मचं पाकीट फ्रीजरमध्ये ठेवायला घरच्यांची समजूत काढावी लागते. मी बंद डबा आणला, तेव्हा आईने होकार दिला.

शेवटी ओटो मुंबईहून आणले. कुर्ल्याच्या रंगीत माशांच्या बाजारात ओळखीच्या मुलाने पोटं बघून निवडले. हे महत्त्वाचं आहे. ओटो बहुतेक निसर्गातून पकडून येतात आणि प्रवासात उपाशी राहतात. पोट आत गेलेला ओटो घेतला तर शेवाळाने भरलेल्या टाकीतही तो वाचत नाही. गोल, पांढरं पोट हवं. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या डब्यात, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने. पहाटे बसथांब्यावर डबा उघडून बघितला, सगळे चिकटलेले, श्वास चालू. इतका आनंद मला ते पफर आणले तेव्हाही झाला नव्हता. त्यांना आधी वेगळ्या लहान टाकीत ठेवलं, काकडी खायला लागले तेव्हाच मोठ्या टाकीत सोडले, आणि सोडताना संध्याकाळी दिवा बंद केला. नराने एकाच्या मागे चक्कर मारली, निरखलं आणि निघून गेला.

मे महिन्यात मात्र मासे मागवू नका. आपल्याकडे पारा ४४ च्या पुढे जातो आणि पिशवीतलं पाणी तापतं. टाकीचं पाणी तीस अंशांच्या वर जाऊ लागलं की झाकण काढून वर लहान पंखा लावा, दोन-तीन अंश सहज उतरतात. जानेवारीत उलट, धुळ्याच्या थंडीत हीटर लागतोच. नळाचं पाणी रोज येत नाही, तेव्हा येईल त्या दिवशी ड्रम भरून क्लोरीन उडू द्या. आणि पफर हलवायचा झाला तर जाळीने उचलू नका, पाण्यासकट भांड्यात घ्या. घाबरून हवेत फुगला तर पोटात हवा अडकते. औषध द्यायची वेळ आली तर तांबं असलेलं टाळा, याला खवले नसतात, ते त्याला झेपत नाही.

त्या दुकानात ॲडव्हान्स अजून पडून आहे. त्या पैशांत मी झाडांचं खत घेणार आहे. ते तिथे खरंच चांगलं मिळतं.