जखमेत पिळलेला सुपरग्लू

अपघात विभागात त्या दुपारी आलेल्या सुतारकाम करणाऱ्या गृहस्थांच्या तळहातावर पटाशी निसटून खोल जखम झाली होती. रक्त थांबेना म्हणून त्यांनी हाताशी असलेला सुपरग्लू सरळ जखमेत पिळला, वर कापूस दाबून धरला आणि हाताची आग आग होऊ लागली. सुपरग्लूतले सायनोॲक्रिलेट हे रसायन ओलाव्याने घट्ट होते, घट्ट होताना उष्णता सोडते आणि कापसाच्या तंतूंवर ही क्रिया इतक्या वेगाने होते की कातडी भाजते. जखमेच्या तोंडाशी कापूस अडकलेला काचेसारखा कडक थर होता आणि भोवती भाजल्याचे फोड.

बोटांची हालचाल व संवेदना तपासून मी तेवढ्या भागाला भूल दिली. शाबूत कातडीवरचा गोंद ॲसिटोनने सुटतो, पण ते उघड्या जखमेत घालता येत नाही; त्यामुळे चिमट्याने एकेक कपचा उचलत आणि सलाइनने धूत राहावे लागले. शेवटच्या कपच्याखाली लाकडाची बारीक ढलपी निघाली. ती आतच राहिली असती तर तिथे पू धरला असता.

"डॉक्टर, युद्धात सैनिकांच्या जखमांना हेच लावत होते ना?" त्यांनी विचारले. प्रश्न रास्त होता. १९४२ मध्ये बंदुकीच्या पारदर्शक नेमदर्शकासाठी साहित्य शोधताना अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन लागले आणि व्हिएतनाम युद्धात त्याचा फवारा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरला गेला, हे खरेच आहे. मात्र अमेरिकेत १९९८ मध्ये त्वचेसाठी मान्यता मिळाली ती या रसायनाच्या ऑक्टिल प्रकाराला, जो लवचीक असतो आणि सावकाश विघटित होतो. दुकानातला गोंद बहुधा इथिल प्रकारचा असतो, तो ठिसूळ असतो आणि लवकर विघटित होऊन ऊतींना त्रासदायक ठरणारी फॉर्मल्डिहाइडसारखी द्रव्ये सोडतो. शिवाय वैद्यकीय गोंदही आम्ही जखमेत कधीच घालत नाही. जखम धुऊन, रक्त थांबवून, कडा बोटांनी जुळवून धरायच्या आणि वरून पातळ थर द्यायचा. चावा, मळकी जखम, सांधा किंवा डोळ्याजवळची जागा असेल तर फार विचार करावा लागतो.

तळहातावर सतत ताण येतो, म्हणून मी टाकेच घातले आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. पुन्हा असे झाले तर वाहत्या पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा आणि तसेच इकडे या, एवढे त्यांना बजावले. टाके काढायला आले तेव्हा मूठ पूर्ण मिटत होती; भाजलेली कातडी मात्र अजून भरायची होती.